फाइल सर्व्हरवर आहे, पण यादीत दिसत नाही: एनएफएसवरील फोल्डरचा वारंवार येणारा दोष कसा शोधावा

कोल्हापूर जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याची आणि शेती विभागाची संगणकव्यवस्था मी गेले काही हंगाम सांभाळतो आहे. उसाची खेप काट्यावर आली की भरलेल्या वाहनाचे वजन होते, गव्हाणीत ऊस उतरवून वाहन परत आले की रिकामे वजन होते, आणि पावती छापली जाते त्याच वेळी पावतीची एक फाइल आणि वाहनाच्या छायाचित्राची दुसरी फाइल सर्व्हरवरील एका फोल्डरमध्ये जमा होते. हिशेब विभागातील संगणक तेच फोल्डर एनएफएसने, म्हणजे दुसऱ्या संगणकावरचे फोल्डर नेटवर्कवरून आपलेच असल्यासारखे वापरण्याच्या पद्धतीने, जोडून घेतो, नव्या पावत्या उचलतो आणि पंधरवड्याच्या बिलाला लावतो. या साखळीत एकच तक्रार पुन्हा पुन्हा येत असे: "साहेब, पावती निघालीया, पण बिलाच्या मशीनवर दिसत न्हाई." १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे मिळायला हवेत. यादीत न दिसलेली एक फाइल म्हणजे कुणाच्या तरी बिलातून गळलेली एक खेप असते, म्हणून हा दोष मी दरवेळी मुळापर्यंत जाऊन शोधला, आणि त्यातून जे हाती लागले ते इथे सविस्तर लिहितो आहे. आज्ञांची नावे देवनागरीत दिली आहेत; टंकताना ती अर्थातच रोमन अक्षरांत द्यायची आहेत.

सर्वांत आधी एक गोष्ट पक्की करून घ्यावी. तक्रार करणारा माणूस दरवेळी "दिसत नाही" एवढेच सांगतो, पण त्या दोन शब्दांआड किमान चार वेगवेगळे दोष असू शकतात. फाइल मिनिटभराने दिसते, की कितीही वेळ थांबले तरी दिसत नाही. यादी उघडायलाच कित्येक मिनिटे लागतात, की यादी मधेच तुटून चूक येते. हे विचारल्याशिवाय एकाही सेटिंगला हात लावू नये. तसेच, थेट सर्व्हरवर बसून तेच फोल्डर उघडून पाहावे. फाइल तिथेही नसेल तर दोष लिहिणाऱ्या प्रोग्रामचा आहे. तिथे असेल आणि दुसऱ्या संगणकावर नसेल, तरच पुढचे वाचण्यात अर्थ आहे.

फोल्डर खरोखर जोडलेले आहे का

हंगामात वीज गेली आणि परत आली की बहुतेक वेळा हिशेबाचा संगणक सर्व्हरच्या आधी सुरू होतो. जोडणीच्या नोंदीत 'नोफेल' हा पर्याय दिलेला असेल, तर सर्व्हर सापडला नाही तरी संगणक सुरू होण्याचे थांबत नाही, आणि ज्या जागी नेटवर्कवरील फोल्डर यायला हवे तिथे संगणकाचे स्वतःचे रिकामे फोल्डर उरते. यादी उघडते, कुठलीही चूक येत नाही, फक्त ती रिकामी असते. याहून वाईट म्हणजे एखाद्या प्रोग्रामने त्या रिकाम्या फोल्डरमध्ये फाइली लिहिल्या आणि नंतर सर्व्हर जोडला गेला, तर त्या फाइली जोडणीच्या खाली झाकल्या जातात आणि हरवल्यासारख्या वाटतात. 'फाइंडएमएनटी' ही आज्ञा चालवून त्या जागी एनएफएस जोडलेले दिसते का, ते पाहावे. झाकलेल्या फाइली काढायच्या असतील तर मूळ डिस्क 'माउंट --बाइंड' ने दुसऱ्या जागी उघडावी. तिथे त्या सुखरूप सापडतात. हा प्रकार पुन्हा होऊ नये म्हणून जोडणी काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरवर 'सीएचएटीटीआर +आय' लावून ठेवावे, म्हणजे चुकूनही त्यात काही लिहिले जात नाही आणि प्रोग्राम तिथल्या तिथे चूक दाखवतो.

सर्व्हरवर मुख्य फोल्डरच्या आत दुसरी डिस्क जोडलेली असेल, तरीही आतले फोल्डर दुसऱ्या संगणकावर रिकामे दिसते, कारण एनएफएस स्वतःहून डिस्कची हद्द ओलांडत नाही. त्यासाठी सर्व्हरच्या 'एक्सपोर्ट्स' फाइलमध्ये, म्हणजे कोणते फोल्डर कुणाला द्यायचे याच्या यादीत, 'क्रॉसएमएनटी' द्यावे लागते.

यादी कशी वाचली जाते

आपण यादी मागतो तेव्हा सर्व्हर ती एकदम पाठवत नाही. तो काही नावांचा एक हप्ता पाठवतो आणि प्रत्येक नावासोबत एक खूण देतो, जिला कुकी म्हणतात. पुढचा हप्ता मागताना आपला संगणक शेवटची खूण परत पाठवतो, आणि पोथीत मोरपीस ठेवलेल्या पानापासून वाचन पुढे सुरू व्हावे तसे सर्व्हर तिथून पुढे वाचून देतो. एनएफएसच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीत कोण कुठवर वाचून गेले याची नोंद सर्व्हर ठेवतच नाही. सगळी भिस्त त्या खुणेवर असते. शिवाय वाचलेली यादी आपला संगणक स्वतःच्या स्मृतीत, म्हणजे कॅशमध्ये, ठेवतो आणि पुढच्या वेळी सर्व्हरला फक्त "हे फोल्डर शेवटचे कधी बदलले?" एवढेच विचारतो. उत्तर तेच आले तर जुनी यादी दाखवतो. दोष एकतर या स्मृतीत असतो, नाहीतर त्या खुणेत. मला भेटलेली बहुतेक प्रकरणे या दोहोंपैकी एकात मोडली.

फाइल उशिरा दिसते

लिनक्सवर फोल्डरची माहिती कॅशमध्ये कमीत कमी ३० आणि जास्तीत जास्त ६० सेकंद ग्राह्य धरली जाते; 'एसीडिरमिन' आणि 'एसीडिरमॅक्स' या पर्यायांची ही मूळ मूल्ये आहेत. म्हणून नवी फाइल मिनिटभर न दिसणे हा बिघाड नसून ठरलेले वागणे आहे. आमचा बिलाचा प्रोग्राम दर पाच सेकंदांनी पुढच्या क्रमांकाची पावती आली का ते बघत असे. पहिल्यांदा ती नव्हती, तेव्हा "हे नाव नाही" हे उत्तरही संगणकाने लक्षात ठेवले, आणि पावती आल्यावरही तो मिनिटभर तेच उत्तर देत राहिला. अशा ठिकाणी 'लुकअपकॅश=पॉझिटिव्ह' हा पर्याय योग्य ठरतो, कारण त्यामुळे नकाराचे उत्तर कॅशमधून दिले जात नाही. पूर्ण यादी वाचणाऱ्या प्रोग्रामला मात्र त्याचा उपयोग नाही; त्याच्यासाठी 'एसीडिरमिन' आणि 'एसीडिरमॅक्स' खाली आणावे लागतात. आम्ही ते अनुक्रमे ३ आणि ५ सेकंदांवर आणले.

'नोएसी' लावून सगळी कॅशच बंद करण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी दिला जातो, तो मला मान्य नाही. त्याने प्रत्येक बारीकसारीक माहितीसाठी सर्व्हरकडे फेरी होते, शिवाय लिहिण्याचे कामही सर्व्हरवर पोचेपर्यंत अडकून राहते, आणि एका फोल्डरच्या तक्रारीसाठी सबंध जोडणी मंदावते.

बदलाची सूचना आपोआप मिळेल या भरवशावर 'आयनोटिफाय' वापरणारे प्रोग्राम एनएफएसवर चालत नाहीत, हेही इथेच सांगतो. दुसऱ्या संगणकाने केलेला बदल त्या यंत्रणेला कळत नाही. असा प्रोग्राम थेट सर्व्हरवर चालवावा. विंडोजचे संगणक तेच फोल्डर सांबामार्गे, म्हणजे विंडोजला सर्व्हरवरील फोल्डर दाखवणाऱ्या प्रोग्राममार्गे, पाहत असतील, तर त्यांची कॅश निराळी असते: फोल्डरची यादी १० सेकंद आणि "फाइल नाही" हे उत्तर ५ सेकंद टिकते.

फाइल कितीही वेळ थांबले तरी दिसत नाही

या दोषाने माझा सर्वांत जास्त वेळ घेतला. हंगाम जोरात असताना तो जाणवतही नसे. साफसफाईसाठी गाळप थांबले, काट्यावरची शेवटची गाडी निघून गेली, की त्या शेवटच्या गाडीची पावती यादीत दिसायची पण छायाचित्र दिसत नसे. एक तास, चार तास, रात्रभर थांबले तरी नाही. गाळप पुन्हा सुरू होऊन पुढची पहिली गाडी काट्यावर आली, की आदल्या गाडीचे छायाचित्रही आपोआप दिसू लागे. काट्यावरच्या कारकुनाने हे माझ्या आधी हेरले होते. "फुडची गाडी आली की मागची दिसती," असे तो सांगत असे, आणि मी ते बरेच दिवस मनावर घेतले नाही. दोषाचे नेमके वर्णन तेच होते.

उलगडा झाला तो सर्व्हरवर त्या फोल्डरवर 'स्टॅट' ही माहिती दाखवणारी आज्ञा चालवून पाहिली तेव्हा. शेवटच्या बदलाच्या वेळेत सेकंदांनंतरचे नऊ आकडे सगळे शून्य होते: ०००००००००. दुसऱ्या फोल्डरवर पाहिले, तिथेही शून्ये. याचा अर्थ ती डिस्क वेळेची नोंद पूर्ण सेकंदांतच ठेवत होती. डिस्कवर फाइली ठेवण्याची पद्धत जुनी, ईएक्सटी३ ही होती. ईएक्सटी३ वरून ईएक्सटी४ वर नेलेल्या डिस्कवरही, आयनोडचा, म्हणजे प्रत्येक फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदीचा, आकार १२८ बाइटच राहिला असेल, तर हेच घडते. 'ट्यून२एफएस -एल' च्या उत्तरात तो आकार दिसतो.

आता घटनाक्रम असा. समजा १० वाजून ४२ मिनिटे ७ व्या सेकंदाला पावती लिहिली गेली. त्याच सेकंदाच्या मध्यात हिशेबाच्या संगणकाने यादी वाचली आणि फोल्डरची वेळ "७ वा सेकंद" अशी टिपून घेतली. त्याच सेकंदाच्या शेवटी छायाचित्र लिहिले गेले, आणि फोल्डरच्या वेळेत पुन्हा "७ वा सेकंद" हेच आले. पुढे हिशेबाच्या संगणकाने कितीही वेळा विचारले, तरी उत्तर तेच. फोल्डरचा आकारही तोच, कारण या पद्धतीत फोल्डर एकेका ब्लॉकने, साधारणपणे ४०९६ बाइटने, वाढते आणि एका नावाने तो आकार बहुधा बदलत नाही. म्हणजे आपल्या संगणकाच्या दृष्टीने काहीच बदललेले नसते, आणि तो जुनी यादी निःशंकपणे दाखवत राहतो. पुढच्या गाडीने फोल्डरची वेळ बदलली की कॅश रद्द होते आणि सगळे दिसू लागते.

ही शंका तपासण्याचा मार्ग सोपा आहे. फाइल दिसत नसताना सर्व्हरवर त्या फोल्डरला फक्त 'टच' करावे, म्हणजे त्याची बदलाची वेळ आताची करावी, आणि मिनिटभर थांबावे. फाइल दिसू लागली तर दोष वेळेच्या नोंदीचा आहे. दुसरी तपासणी हिशेबाच्या संगणकावर करायची: 'ड्रॉप_कॅशेस' मध्ये ३ लिहून कॅश रिकामी केली आणि यादी बरोबर आली, तर सर्व्हरची यादी पहिल्यापासून बरोबर होती आणि चूक आपल्या बाजूच्या स्मृतीत होती, हे सिद्ध होते. हंगाम चालू असताना डिस्क बदलणे शक्य नव्हते, म्हणून आम्ही सर्व्हरवर दर मिनिटाला त्या फोल्डरला 'टच' करणारी एक नोंद क्रॉनमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या यंत्रणेत, घातली. तो तात्पुरता आधार होता. गाळप संपल्यावर सगळा डेटा एक्सएफएस पद्धतीच्या, सेकंदाचे अंशही नोंदवणाऱ्या नव्या डिस्कवर नेला, आणि 'स्टॅट' च्या उत्तरातील ती नऊ शून्ये गेली, तशी तक्रारही गेली.

यादी उघडायलाच वेळ लागतो

एका हंगामाच्या शेवटी त्या एकाच फोल्डरमध्ये तीन लाखांच्या घरात फाइली जमल्या होत्या. 'एलएस' ही यादी दाखवणारी आज्ञा आहे; तिचे 'एलएस -एल' हे रूप प्रत्येक फाइलचा आकार, मालक आणि वेळ विचारते. ही माहिती नावांसोबतच मिळाली नाही, तर प्रत्येक फाइलसाठी सर्व्हरकडे एक स्वतंत्र फेरी होते. एका फेरीला अर्धा मिलिसेकंद धरला तरी तीन लाख फेऱ्यांना १५० सेकंद लागतात. नुसते 'एलएस' दिले तरी पुष्कळ ठिकाणी ते रंगीत यादीसाठी प्रत्येक फाइलची माहिती विचारतेच, आणि सगळी नावे वाचून क्रम लावेपर्यंत पडद्यावर काहीच येत नाही. म्हणून मोजणी करताना रंग बंद करून आणि मोठ्या यू चा पर्याय देऊन, म्हणजे क्रम न लावता, यादी घ्यावी. ती पटकन आली तर खोळंबा नावांचा नसून माहिती विचारण्याचा आहे. 'एनएफएसस्टॅट -सी' चे आकडे आधी आणि नंतर टिपले की 'गेटअॅटर' (एकेका फाइलची माहिती विचारणे) किती वाढले आणि 'रीडडिरप्लस' (नावांसोबतच माहिती मागणे) किती, हे स्पष्ट दिसते. फक्त नावे वाचणाऱ्या प्रोग्रामसाठी 'रीडडिरप्लस' बंद करणारा 'नोआरडिरप्लस' हा पर्याय उपयोगी पडतो, पण 'एलएस -एल' करणाऱ्यांसाठी तेच घातक ठरते. मोजल्याशिवाय ते लावू नये.

जुन्या कर्नेलवर, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या जुन्या आवृत्तीवर, यात आणखी एक भर पडते. यादी वाचली जात असतानाच फोल्डरमध्ये नवी फाइल आली, तर वाचलेली कॅश रद्द होते आणि वाचन पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. काटा चालू असताना यादी संपतच नाही आणि काटा बंद झाला की झटकन येते, असे दिसले तर कारण बहुधा हेच असते.

यादी मधेच तुटते

या वेळी पडद्यावर येणारी चूक दिशाभूल करते. ती सांकेतिक दुव्यांच्या फार पातळ्या झाल्याचे सांगते, आणि माणूस नसलेले दुवे शोधत बसतो. खरे कारण कर्नेलच्या नोंदीत, 'डीमेसेज' मध्ये, सापडते: तिथे 'रीडडिर लूप' असे शब्द, फोल्डरचे नाव आणि ज्या फाइलची खूण दुसऱ्यांदा आली तिचे नाव दिलेले असते. ईएक्सटी३ आणि ईएक्सटी४ मध्ये खूण म्हणजे नावापासून गणिताने काढलेला आकडा, म्हणजे हॅश, असतो. तिसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९५ पासून, एनएफएसमध्ये खुणेसाठी ६४ बिटांची जागा आहे, पण जुन्या लिनक्स सर्व्हरवर ईएक्सटी प्रत्यक्षात त्यातील ३१ बिटच वापरत असे. ३१ बिटांत सुमारे २१५ कोटी खुणा मावतात. ते पुष्कळ वाटतात, पण तीन लाख नावांत एकच खूण असलेल्या सुमारे २० जोड्या निघतील असा हिशेब येतो. अशा जोडीच्या नेमके मध्ये हप्ता तुटला, की सर्व्हरला कुठून पुढे वाचायचे ते कळत नाही. लिनक्स ३.४ पासून, म्हणजे २०१२ पासून, ईएक्सटी४ एनएफएसला ६४ बिटांचा हॅश देते, त्यामुळे कायमचा उपाय सर्व्हरचा कर्नेल नवा करणे हाच आहे. तातडीने काम चालवायचे असेल तर नोंदीत आलेल्या त्या एका फाइलचे नाव सर्व्हरवर बदलले तरी यादी पुढे सरकते.

एकच नाव दोनदा, किंवा नाव असून फाइल उघडत नाही

हा दोष आपल्या भाषेतील नावांचा आहे, आणि इंग्रजी नावांवर काम करणाऱ्यांना तो कधी भेटत नसल्याने त्याबद्दल फारसे लिहिलेले आढळत नाही. शेती विभागाच्या फोल्डरमध्ये "शेतकऱ्यांची यादी" या नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी दिसत होत्या. डोळ्यांना त्यात तसूभरही फरक दिसत नव्हता. यादी 'ओडी' या बाइट दाखवणाऱ्या आज्ञेतून काढून बाइट पाहिल्यावर कळले: एकीत 'ऱ' हे एकच अक्षर होते, ई०-ए४-बी१; दुसरीत साधा 'र', ई०-ए४-बी०, आणि त्यापुढे सुटा नुक्ता, ई०-ए४-बीसी. युनिकोडच्या दृष्टीने दोन्ही समान आहेत, पण लिनक्सचा सर्व्हर नावांचे फक्त बाइट पाहतो, म्हणून त्याच्या लेखी त्या दोन फाइली आहेत. जुन्या मॅकची एचएफएस+ डिस्क नावे अशी सुटी करून ठेवत असे, आणि दुसरी फाइल तिथूनच आली होती. काही कीबोर्डांवरून हाच 'ऱ्या' साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह असा तिसऱ्याच पद्धतीने उमटतो.

मॅकवरून एनएफएस जोडताना सुटी चिन्हे जोडून एकच अक्षर करणारा 'एनएफसी' हा पर्याय द्यावा. आधीच साचलेल्या नावांसाठी 'कॉन्व्हएमव्ही' हे साधन '--एनएफसी' सह चालवावे. ते आधी फक्त काय बदलेल ते दाखवते, आणि '--नोटेस्ट' दिल्यावरच खरोखर नावे बदलते. ती दाखवलेली यादी नीट वाचावी. तिसऱ्या पद्धतीची नावे मात्र या साधनाने सुधारत नाहीत, ती हातानेच बदलावी लागतात.

नावाच्या लांबीचीही एक अडचण आहे. लिनक्सच्या बहुतेक डिस्कांवर नाव २५५ बाइटचे असू शकते, आणि युटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. काना, मात्रा, अनुस्वार धरून ८५ चिन्हे झाली की मर्यादा संपते. विंडोजवर हीच मर्यादा २५५ चिन्हांची असल्याने तिथे बिनतक्रार ठेवलेली लांबलचक नावाची फाइल सर्व्हरवर येतच नाही.

उरलेल्या गोष्टी

नावे दिसतात पण आकार आणि मालक यांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात, तेव्हा फोल्डरवर वाचण्याची परवानगी आहे पण आत शिरण्याची नाही. एखादा वापरकर्ता १६ पेक्षा जास्त गटांत असेल, तर नेहमीच्या ओळखपद्धतीत पुढचे गट सर्व्हरपर्यंत पोचतच नाहीत. सर्व्हरवर 'माउंटडी' या एनएफएसच्या प्रोग्रामला '--मॅनेज-जीआयडीएस' द्यावे, म्हणजे सर्व्हर गट स्वतःच शोधतो. रिकामे दिसणारे फोल्डर पुसता येत नसेल, तर आत '.एनएफएस' ने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली आहेत का पाहावे; त्या पुसलेल्या पण अजून कुणीतरी उघडून ठेवलेल्या फाइली असतात आणि तो प्रोग्राम बंद झाला की जातात.

आता आमच्याकडे तीन लाख फाइलींचे एक फोल्डर राहिलेले नाही. दर दिवसाला एक फोल्डर आहे, त्यात सुमारे दोन हजार फाइली येतात, आणि बिलाचा प्रोग्राम फक्त आजचे आणि कालचे फोल्डर वाचतो. काट्याचा प्रोग्राम आधी छायाचित्र लिहितो, मग पावती तात्पुरत्या नावाने लिहून पूर्ण झाल्यावरच तिचे खरे नाव ठेवतो, त्यामुळे पावती दिसली म्हणजे बाकीचे आले आहे असे धरता येते. पंधरवड्याचे बिल बंद करण्यापूर्वी प्रत्येक दिवसाच्या फोल्डरमधील नावांची संख्या सर्व्हरवर आणि हिशेबाच्या संगणकावर स्वतंत्रपणे मोजली जाते, काट्याच्या नोंदवहीतील खेपांशी पडताळली जाते, आणि तिन्ही आकडे जुळल्याशिवाय बिल पुढे जात नाही.